जुळणीशिवाय विभागणी नाही

हापूस आंब्याची कोय पेरून वाढवलेल्या झाडाला हापूसच लागेल, असे कोकणातला कोणताही बागायतदार खात्रीने सांगणार नाही. असे झाड रायवळात जमा होते. त्याचे फळ कधी आंबट, कधी रेषाळ, क्वचित अतिशय उत्तमही निघते, पण ते मूळ झाडाच्या फळासारखे निघेल याची शाश्वती नसते. म्हणून हापूसची लागवड कलमाने केली जाते. कोय कलमाच्या पद्धतीत रायवळ कोय रुजवून तिचा तांबूस, कोवळा कोंब दहा-पंधरा दिवसांचा झाला की तो वरून कापतात, त्याला मधोमध उभा छेद देतात, हापूसच्या झाडावरून आणलेल्या काडीचे टोक पाचरीच्या आकाराचे तासून त्या छेदात बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने जोड घट्ट बांधतात. या काडीतून पुढे जे खोड, फांद्या आणि पाने वाढतात, त्यांतील प्रत्येक पेशी मूळ हापूसच्या पेशीची प्रतच असते. कोयीतला अंकुर मात्र परागकण आणि बीजांड यांच्या मीलनातून जन्मलेला असतो, आणि या दोहोंच्या निर्मितीपूर्वी फुलातील मोजक्या पेशींमध्ये एक वेगळ्याच प्रकारचे विभाजन होऊन गेलेले असते. त्यालाच अर्धसूत्री विभाजन म्हणतात. आंब्याच्या मोहोरापासून माणसाच्या अंडाशयापर्यंत, भूछत्रापासून हिवतापाच्या परजीवीपर्यंत, लैंगिक प्रजनन जिथे जिथे आहे तिथे तिथे ते या विभाजनावर उभे आहे.

सजीवाची आनुवंशिक माहिती पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाच्या लांबच लांब रेणूंमध्ये साठवलेली असते. प्रथिनांभोवती गुंडाळलेला असा प्रत्येक रेणू म्हणजे एक गुणसूत्र, आणि गुणसूत्रावरील ज्या खंडात एखाद्या प्रथिनाच्या बांधणीची सूचना असते तो खंड म्हणजे जनुक. गुणसूत्रांची संख्या प्रत्येक जातीत ठरलेली असते, पण तिचा प्राण्याच्या किंवा वनस्पतीच्या थोरवीशी काही संबंध नसतो. माणसाच्या पेशीत ४६, आंब्याच्या पेशीत ४०, तर सह्याद्रीच्या जंगलात राहणाऱ्या भेकराच्या मादीत केवळ ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात. उलट सर्पजिव्हा गटातील एका लहानशा नेच्यात ही संख्या १,२६० पर्यंत पोचते. महत्त्वाचे आहे ते हे की बहुतेक प्राण्यांत आणि फुलझाडांत गुणसूत्रे जोडीने असतात. जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि दुसरे वडिलांकडून आलेले असते. दोघांवर त्याच जनुकांची मांडणी त्याच क्रमाने असते, फक्त जनुकांचे तपशील थोडेफार वेगळे असू शकतात. अशा जोडीदारांना सजातीय गुणसूत्रे म्हणतात. गुणसूत्रांचे दोन संच असलेली पेशी द्विगुणित, आणि एकच संच असलेली पेशी एकगुणित.

शरीर वाढते, जखम भरते, कलमाची काडी फुटते ती नेहमीच्या सूत्री विभाजनामुळे. त्यात प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत तयार होते, मूळ आणि प्रत विरुद्ध दिशांना ओढल्या जातात आणि एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होतात. या सगळ्या व्यवहारात आईकडून आलेल्या गुणसूत्राला वडिलांकडून आलेल्या जोडीदाराची दखलही घ्यावी लागत नाही. दोघे एकाच केंद्रकात राहूनही परस्परांना अनोळखी असतात. युग्मके, म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी, याच पद्धतीने तयार झाली असती, तर त्यांच्या मीलनातून होणाऱ्या संततीत गुणसूत्रांची संख्या दर पिढीला दुप्पट झाली असती आणि दहाव्या पिढीपर्यंत ती हजारपटीवर गेली असती. तसे होत नाही, कारण युग्मकात प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र जाते.

हे कोडे प्रयोगशाळेत उलगडण्याआधी तर्काने सुटले होते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये भूमध्य समुद्रातील समुद्री साळूच्या पारदर्शक अंड्यात शुक्रपेशीचे केंद्रक आणि अंडपेशीचे केंद्रक एकमेकांत मिसळताना पाहिले. त्यानंतर सातच वर्षांनी बेल्जियममधील लीज येथे एदुआर व्हान बेनेदेन यांनी घोड्याच्या आतड्यातील गोलकृमी अभ्यासासाठी निवडला. ही निवड फार मोलाची ठरली, कारण या कृमीची गुणसूत्रे ठळक आणि अगदी थोडी असतात: फलित अंड्यात चार, आणि ती चार दोन अंडपेशीची व दोन शुक्रपेशीची अशी स्पष्ट ओळखता येत होती. युग्मकात शरीरपेशीच्या निम्मीच गुणसूत्रे असतात, हे त्यातून डोळ्यांना दिसले. दृष्टी अधू झाल्यामुळे सूक्ष्मदर्शकापासून दुरावलेल्या आउगुस्ट वाइसमान यांनी १८८७ मध्ये या निरीक्षणांवरून असा निष्कर्ष मांडला की युग्मकांच्या निर्मितीत आनुवंशिक द्रव्य निम्मे करणारे एक खास विभाजन असलेच पाहिजे, अन्यथा पिढ्यांची साखळी टिकणार नाही. पुढील काही वर्षांत त्यांचे हे भाकीत खरे ठरले.

‘निम्मे करणे’ हे या विभाजनाचे फलित झाले. त्याचे मर्म मात्र अन्यत्र आहे. शेहेचाळीस गुणसूत्रांमधून कोणतीही तेवीस वेगळी काढून भागत नाही. प्रत्येक जोडीतले नेमके एकेकच निघाले पाहिजे. एकही जोडी पूर्ण गेली किंवा पूर्ण राहिली तरी पुढचा गर्भ बहुधा जगत नाही. त्यासाठी आजवर अनोळखी राहिलेल्या जोडीदारांनी प्रथम एकमेकांना शोधणे, एकमेकांशी बांधले जाणे आणि मग वेगळे होणे आवश्यक असते. जुळणी झाल्याशिवाय विभागणी होऊच शकत नाही, आणि या जुळणीसाठी पेशी जो मार्ग अवलंबते तो आश्चर्य वाटावे इतका धोक्याचा आहे.

विभाजन सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते. मूळ आणि प्रत ही दोन अर्धगुणसूत्रे कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी लांबीभर एकत्र धरलेली असतात. इथवर सारे सूत्री विभाजनासारखेच असते. त्यानंतर मात्र पेशी स्वतःच आपला डीएनए ठिकठिकाणी तोडू लागते. हे काम स्पो-११ नावाचे प्रथिन करते, हे १९९७ मध्ये यीस्टवरील संशोधनातून उघड झाले. या प्रथिनाचे नाते आर्किया या अतिप्राचीन सूक्ष्मजीवांतील एका विकराशी निघाले. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणे ही पेशीवर येणाऱ्या सर्वांत गंभीर आपत्तींपैकी एक मानली जाते. किरणोत्साराने अशा तुटी झाल्या तर पेशी मरते किंवा कर्करोगाच्या वाटेला लागते. आणि इथे उंदराच्या एका पेशीत अशा दोनशे ते तीनशे तुटी मुद्दाम, ठरलेल्या वेळी केल्या जातात. तुटलेली टोके दुरुस्तीसाठी नमुना शोधू लागतात. शेजारीच असलेल्या स्वतःच्या प्रतीचा नमुना घेणे सोपे असते, पण या अवस्थेत पेशी ती वाट बरीचशी रोखून धरते, त्यामुळे तुटलेला धागा केंद्रकात दूरवर असलेल्या सजातीय जोडीदारापर्यंत जातो आणि तिथला जुळणारा मजकूर सापडेपर्यंत चाचपडत राहतो. दुरुस्तीची ही गरज हेच जोडीदाराला शोधण्याचे साधन बनते. एकदा ओळख पटली की दोन्ही गुणसूत्रे आडव्या प्रथिनतंतूंच्या रचनेने टोकापासून टोकापर्यंत एकमेकांलगत बांधली जातात.

बहुतेक तुटींची डागडुजी होऊन धागे आपापल्या जागी परततात. काही थोड्या ठिकाणी मात्र आईकडच्या गुणसूत्राचा तुकडा वडिलांकडच्या गुणसूत्राला आणि वडिलांकडचा आईकडच्याला कायमचा जोडला जातो. याला जनुकीय विनिमय म्हणतात. विनिमय झालेली जागा सूक्ष्मदर्शकाखाली फुलीच्या आकाराची दिसते, म्हणून तिला काएझ्मा असे ग्रीक नाव मिळाले. या फुल्यांचा अर्थ तुकड्यांची अदलाबदल असा आहे, असे बेल्जियममधील धर्मगुरू आणि पेशीशास्त्रज्ञ फ्रान्स आल्फोन्स यान्सेन्स यांनी १९०९ मध्ये सुचवले होते. फुल्यांची वाटणीही पेशी बेताने करते: दोन फुल्या सहसा फार जवळ पडत नाहीत, आणि लहानात लहान जोडीच्या वाट्याला निदान एक फुली यावी अशी व्यवस्था असते. माणसाच्या शुक्रपेशी घडवणाऱ्या एका पेशीत २३ जोड्यांवर मिळून सरासरी पन्नासच्या आसपास फुल्या आढळतात; अंडपेशीच्या घडणीत त्या याहून अधिक असतात.

आता विभागणीची वेळ येते. आडव्या प्रथिनतंतूंची रचना विरघळते, आणि जोडीदार एकत्र राहतात ते केवळ या फुल्यांमुळे आणि अर्धगुणसूत्रांना बांधणाऱ्या कोहेसिनमुळे. पेशीच्या दोन्ही ध्रुवांकडून निघालेले तुर्कतंतू जोडीतील एकेका गुणसूत्राला पकडतात आणि ओढू लागतात. रस्सीखेचीच्या खेळात दोर ताठ होतो तो दोन्ही बाजूंनी जोर लागला तरच; तसाच दोन्ही बाजूंचा ताण फुलीवर आला की पेशीला पकड बरोबर असल्याचे कळते, आणि दोन्ही जोडीदार चुकून एकाच ध्रुवाच्या तंतूंनी धरले असतील तर ताण न आल्यामुळे ती पकड सुटते व पुन्हा प्रयत्न होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस निकलस यांनी १९६९ मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवले. त्यांनी नाकतोड्याच्या जिवंत पेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून चुकीच्या पद्धतीने धरलेल्या जोडीला हलकेच ओढून धरले, आणि केवळ त्या कृत्रिम ताणामुळे एरवी सुटणारी पकड टिकून राहिली. गुणसूत्रांच्या हालचालींविषयीचे इतके नेमके आणि इतके नाजूक प्रयोग जीवशास्त्रात फार थोडे झाले आहेत.

सर्व जोड्या मध्यभागी ताणल्या गेल्यावर गुणसूत्रांच्या भुजांवरील कोहेसिनची कडी कापली जातात, फुल्या सुटतात आणि जोडीदार विरुद्ध ध्रुवांकडे जातात. तंतू जिथे पकड घेतात त्या गुणसूत्रबिंदूजवळची कडी मात्र शुगोशिन नावाच्या प्रथिनाने सांभाळून ठेवलेली असतात, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे या टप्प्यात एकत्रच राहतात. लगेच, डीएनएची नवी प्रत न काढता, दुसरे विभाजन होते. त्यात उरलेली कडी तुटून अर्धगुणसूत्रे वेगळी होतात. एका द्विगुणित पेशीपासून अशा रीतीने चार एकगुणित पेशी निर्माण होतात. दुसरे विभाजन पुष्कळसे सूत्री विभाजनासारखे असल्याने त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. सारे नाट्य पहिल्या विभाजनात घडते.

गुणसूत्रांचे तुकडे खरोखरच बदलले जातात, याचा निर्णायक पुरावा १९३१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मक्यावर मिळाला. हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी असे रोप शोधले की ज्याच्या नवव्या जोडीतील एका गुणसूत्राच्या टोकाला गडद गाठ होती आणि दुसऱ्या अंगाला आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा चिकटलेला होता. त्याचा जोडीदार मात्र दोन्ही खुणांविना साधा होता. त्याच गुणसूत्रावर दाण्याचा रंग आणि दाण्यातील पिष्टाचा प्रकार ठरवणारी जनुकेही होती. संततीमध्ये या दोन गुणांची नवी जुळवाजुळव ज्या दाण्यांत दिसली, त्यांच्या पेशींत गुणसूत्रही नव्या रूपाचे आढळले: गाठ आहे पण तुकडा नाही, किंवा तुकडा आहे पण गाठ नाही. डोळ्यांना दिसणारा दाण्याचा रंग आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी गुणसूत्राची खूण या दोन्ही गोष्टी एकाच घटनेची साक्ष देत होत्या. मॅक्लिंटॉक यांना पुढे १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते जागा बदलणाऱ्या जनुकांच्या शोधासाठी. पण मक्यावरील हा आधीचा प्रयोग आनुवंशविज्ञानाच्या इतिहासात त्याहून कमी महत्त्वाचा नाही.

कोणता जोडीदार कोणत्या ध्रुवाकडे जाणार, हे प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे आणि निव्वळ योगायोगाने ठरते. आंब्याच्या २० जोड्यांच्या या वाटपातूनच १०,४८,५७६ प्रकारची युग्मके संभवतात. माणसाच्या २३ जोड्यांमधून हा आकडा ८३,८८,६०८ होतो. परंपरेतील चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या संख्येशी तो जवळजवळ जुळावा हा केवळ योगायोग, पण त्यामुळे तो लक्षात राहतो खरा. आई आणि वडील या दोघांचा विचार केला तर एका दांपत्याच्या संततीत सुमारे ७० लाख कोटी जुळण्या शक्य होतात, आणि त्यात जनुकीय विनिमयाची भर घातली की गणती करणे निरर्थक ठरते. हापूसची कोय हापूस देत नाही, ती यामुळे. हापूसच्या जोड्यांमधील जनुकांचे तपशील परस्परांपासून बरेच भिन्न आहेत. त्यांची विशिष्ट जुळणीच त्या चवीला आणि गंधाला कारण आहे, अर्धसूत्री विभाजनात ती मोडते, आणि परागकणही बहुधा दुसऱ्याच झाडाचा असतो. हीच मोडतोड फलसंशोधकांना उपयोगी पडते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून निवडलेली ‘रत्ना’ ही जात त्यातूनच मिळाली.

जुळणीचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते ती फसते तेव्हा. घोड्याच्या पेशीत ६४ आणि गाढवाच्या पेशीत ६२ गुणसूत्रे असतात. खेचराला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ अशी ६३ मिळतात. खेचराचे शरीर सूत्री विभाजनाने वाढते आणि त्याला जोडीदारांच्या ओळखीची गरज नसल्याने ते दणकट वाढते. पण युग्मके तयार करण्याची वेळ आली की घोड्याची आणि गाढवाची गुणसूत्रे एकमेकांना धड ओळखत नाहीत, जुळणी अर्धवट राहते आणि विभाजन तिथेच थांबते. म्हणून अत्यंत दुर्मीळ अपवाद सोडता खेचर वांझ असते.

जळगावच्या बागांतील ग्रँड नैन केळीची अडचण वेगळी आहे. तिच्यात ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. ती त्रिगुणित आहे. तिघांची जोडी लागत नाही. प्रत्येक त्रिकुटातील दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला गेले असे धरले, तर अकराही त्रिकुटांत वाटप एकसारखे होऊन युग्मकात पूर्ण संच येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक इतकीच उरते. परागीभवन न होताही फळ धरण्याचा गुण या केळीत आहे, म्हणून तिला घड लागतो. पण त्यात बी नसते, आणि गरात दिसणारे बारीक काळसर ठिपके हे वाढ न झालेल्या बीजांडांचे अवशेष असतात. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात डोलणारी रानकेळ, जिला कवदर असेही म्हणतात, ती मात्र याच कुळातली असूनही द्विगुणित आहे. तिचे फळ टणक काळ्या बियांनी भरलेले असते, आणि तिला मुनवे फुटत नसल्यामुळे तिचा सारा वंश त्या बियांवरच चालतो. लागवडीची केळी उलट मुनव्यांवर किंवा ऊतिसंवर्धित रोपांवर वाढवली जाते, त्यामुळे बागेतील सर्व झाडांची आनुवंशिक घडण एकसारखी असते. एकसारखेपणाची किंमत लॅटिन अमेरिकेने विसाव्या शतकाच्या मध्यावर मोजली: जमिनीतील एका बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने तिथल्या ग्रो मिशेल जातीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. ग्रँड नैन याच गटातली आहे, आणि त्या बुरशीचा नवा प्रकार आता याही गटाला ग्रासू लागला आहे.

नराशिवाय प्रजनन करणारे प्राणीही आहेत. कुंडीतल्या ओल्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा छोटा साप त्यातलाच; त्याच्या जातीत केवळ माद्या असतात आणि त्या त्रिगुणित असतात. उत्तर अमेरिकेतील व्हिपटेल सरड्यांच्या काही जाती अशाच माद्यांच्या आहेत, आणि त्यांच्या अंडपेशींचा अभ्यास विशेष बोलका आहे. या सरड्यांनी नर सोडला, पण जुळणी सोडली नाही. विभाजनाआधी त्यांची गुणसूत्रे एकदा जादा दुप्पट होतात, आणि मग प्रत्येक गुणसूत्र स्वतःच्याच हुबेहूब प्रतीशी जोडी जमवते. विनिमय होतो, पण सारख्याचा सारख्याशी, त्यामुळे पिलू आईसारखेच निपजते. फळमाशीच्या नरात तर विनिमय होतच नाही, तिथे जोडीदारांना एकत्र धरण्याचे काम वेगळी प्रथिने करतात. बांधण्याचे साधन बदलू शकते. बांधले जाणे टळत नाही.

माणसात या जुळणीला काळाची जी परीक्षा द्यावी लागते, ती फार कठोर आहे. पुरुषात अर्धसूत्री विभाजन वयात आल्यावर सुरू होते आणि पुढे आयुष्यभर चालते. शुक्रपेशी घडण्याची संपूर्ण प्रक्रिया सुमारे अडीच महिन्यांत पार पडते. स्त्रीमध्ये मात्र हे विभाजन तिच्या जन्मापूर्वीच सुरू होते. गर्भाच्या पाचव्या महिन्यात मुलीच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख अंडजनक पेशी असतात. त्यांतील गुणसूत्रे जोडीदार शोधतात, विनिमय उरकतात आणि तिथेच थबकतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख पेशी उरतात, आणि त्यांतील जेमतेम चारशे पुढे पक्व होतात. एखादी पेशी पक्व होऊ लागली की पहिले विभाजन पूर्ण होते, दुसरे पुन्हा अर्ध्यावर थांबते, आणि शुक्रपेशी आत शिरली तरच ते शेवटास जाते. या विभाजनांत पेशीद्रव्याची वाटणीही समान नसते: जवळजवळ सारे द्रव्य एकाच अंडपेशीकडे राहते आणि बाकीची गुणसूत्रे इवल्याशा ध्रुवपेशींमधून टाकून दिली जातात. याचा एक अर्थ असा की, कोणत्याही माणसाला आईकडून मिळालेल्या गुणसूत्रांची अदलाबदल ही त्याची आई स्वतः आजीच्या उदरात असताना झालेली असते.

तीस-चाळीस वर्षे त्या फुल्या तशाच राहाव्या लागतात, आणि त्यांना धरून ठेवणारी कोहेसिनची कडी वयाबरोबर झिजतात. सैल झालेल्या जोड्या चुकीच्या बाजूला जाण्याची शक्यता वाढते. युग्मकात एकविसावे गुणसूत्र जादा गेले तर होणाऱ्या बाळात डाउन सिंड्रोम आढळतो. आईच्या वयाशी त्याचा संबंध इंग्लंडमधील लायोनेल पेनरोझ यांनी १९३३ मध्ये दाखवला, तेव्हा गुणसूत्रांशी त्याचे नाते ठाऊक नव्हते. माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हेदेखील १९५६ पर्यंत निश्चित नव्हते. पॅरिसमध्ये मार्त गोतिए यांनी वाढवलेल्या पेशींमध्ये ४७ वे गुणसूत्र दिसले, आणि जेरोम लेज्यून व रेमों तुर्पां यांच्यासह १९५९ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. गोतिए यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना पुष्कळ उशिरा मिळाले, ही खेदाची गोष्ट आहे. आईचे वय २५ असताना असे बाळ होण्याची शक्यता सुमारे १,२५० मध्ये एक, तर ४० व्या वर्षी सुमारे १०० मध्ये एक असते. पहिल्या तिमाहीत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली आढळते. गर्भपातानंतर बाईच्या खाण्यापिण्याला, कामाला किंवा प्रवासाला दोष देण्याची जी रीत घराघरांत आहे, तिला या माहितीपुढे आधार उरत नाही; त्यातल्या पुष्कळ गर्भांचे भवितव्य गर्भधारणेपूर्वीच ठरून गेलेले असते.

सर्वच सजीवांत हे विभाजन युग्मकांच्या लगेच अगोदर होते असे नाही. शेवाळी वनस्पतींमध्ये डोळ्यांना दिसणारे हिरवे शरीर एकगुणितच असते. हिवतापाचा परजीवी माणसाच्या रक्तात एकगुणित असतो. त्याचे मीलन डासाच्या पोटात होते आणि तिथेच, मीलनानंतर लगेच, अर्धसूत्री विभाजनही उरकते. मधमाशीचा नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याच्याकडे एकच संच असल्याने त्याच्या शुक्रपेशींच्या घडणीत पहिले विभाजन अर्धवट सोडून दिले जाते.

इतका खटाटोप आणि इतका धोका पत्करून सजीवांनी लैंगिक प्रजनन का टिकवले, हा प्रश्न जीवशास्त्रात दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. पिकांवरचा मावा अनुकूल हंगामात नराशिवाय भराभर पिले देतो, आणि संख्यावाढीच्या शर्यतीत ही पद्धत निःसंशय सरस ठरते. तरी थंड प्रदेशांत हिवाळा जवळ आला की तोच मावा नर-माद्या निर्माण करून अंडी घालतो. याच्या उत्तरांपैकी एक असे की, रोगजंतू सतत बदलत असल्यामुळे एकसाची संतती त्यांच्या तावडीत सहज सापडते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सूत्रकृमींच्या दोन प्रकारच्या समूहांना त्यांच्याबरोबर बदलत जाणाऱ्या घातक जिवाणूंसमोर ठेवण्यात आले: केवळ स्वफलनाने वाढणारे समूह वीस पिढ्यांच्या आत नष्ट झाले, परस्पर मीलन करणारे टिकले. लैंगिक प्रजननाचा सर्वांत जुना ज्ञात जीवाश्म पुरावा कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय बेटावरील एका तांबड्या शैवालाचा असून तो सुमारे १०५ कोटी वर्षांचा आहे.

शेतकऱ्याला मात्र या नवनिर्मितीचा जाच होतो. सी. टी. पटेल यांनी सुरत येथे विकसित केलेला आणि १९७० मध्ये प्रसारित झालेला एच-४ हा कापसाचा संकरित वाण आल्यापासून महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यातही संकरित बियाणे दरवर्षी विकत घेण्याची प्रथा रुजली. संकरित पिकाचे बी राखून पेरले तर त्याआधी होणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात जुळणी मोडते आणि दुसऱ्या पिढीत झाडे उंच-बुटकी, लवकर-उशिरा बोंडे धरणारी अशी सरमिसळ निघतात. म्हणून हे विभाजनच टाळता येईल का, असा विचार संशोधकांनी केला. २००९ मध्ये फ्रान्समध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील रोपट्यात तीन जनुके निकामी करण्यात आली: एक डीएनएच्या तुटींसाठी आणि पर्यायाने जुळणीसाठी लागणारे, दुसरे या विभाजनातील खास कोहेसिन बनवणारे, तिसरे दुसऱ्या विभाजनात प्रवेश करण्यास लागणारे. तिन्ही काढल्यावर अर्धसूत्री विभाजन साध्या सूत्री विभाजनात बदलले आणि युग्मकांत आईबापाचा संपूर्ण संच जसाच्या तसा उतरला. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे २०१८ मध्ये भातावर हीच युक्ती करून, त्यातच फलनाविना गर्भ वाढवणाऱ्या एका जनुकाची भर घालण्यात आली, तेव्हा काही ओळींत २९ टक्क्यांपर्यंत बी मातृरोपाची प्रत निघाले; २०२२ मध्ये संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेले. संकरित वाणाचे बी घरी राखून पेरता यावे, हा या संशोधनाचा हेतू आहे. त्यासाठी मूळचा संकर तयार करताना मात्र आजही दोन्ही वाणांच्या फुलांत गुणसूत्रांना एकमेकांना शोधावे, तुटावे आणि पुन्हा जुळावेच लागते.